मूळ संख्यांची मोजदाद आणि दामोदर कोसंबी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे मिळून १३ तालुके आहेत. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. या १३ तालुक्यांचे समान गट पाडावयाचे म्हटले तर ते पडत नाहीत. दोन-दोनचे गट करा, तीन-तीनचे करा, चार-चारचे करा, प्रत्येक वेळी काही तालुके गटाबाहेर उरतातच. हेच तालुके १२ असते तर किती सोयीचे झाले असते! सहांचे दोन, चारांचे तीन, तिनांचे चार, दोनांचे सहा, कसेही गट पडले असते. शाळेच्या पुस्तकात १३ सारख्या संख्येला मूळ संख्या म्हणतात आणि १२ सारखीला संयुक्त संख्या. १ ही संख्या मात्र मूळही नव्हे आणि संयुक्तही नव्हे, ती दोन्ही पंगतींच्या बाहेर बसते.

पाचवी-सहावीच्या मुलांना गुरुजी हमखास विचारतात की १ ते १०० मध्ये मूळ संख्या किती आणि संयुक्त किती. उत्तर आहे २५ आणि ७४. उरलेला एक म्हणजे तो एकटा १. प्रश्न लहान मुलांचा दिसतो, पण त्याची मर्यादा वाढवीत नेली की तो थोरामोठ्यांनाही आवरत नाही. या प्रश्नाच्या नादी लागून आपल्याच मराठी-कोकणी मुलखातील एका थोर विद्वानाने आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, आपली प्रतिष्ठा पणाला लावली आणि ती बऱ्याच अंशी गमावलीही. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मूळ संख्यांचे अभ्यासक म्हणून त्यांची ओळख फार थोड्यांना आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. घराणे मूळचे सांखवाळचे. आपल्या वाचकांना हे गाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल, श्रीलंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ यांचे पितृगृह याच गावी. योगायोग असा की दामोदरांचे वडील धर्मानंद हेही ज्ञानाच्या ओढीने घर सोडून श्रीलंकेपर्यंत गेले, मात्र त्यांची वाट निराळी होती. बुद्धाचे चरित्र वाचून भारावलेले धर्मानंद १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत, बहुतेक प्रवास हालअपेष्टांत काढीत, ते श्रीलंकेत पोहोचले आणि तेथे त्यांनी बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली. पुढे ते पाली भाषेचे जगन्मान्य पंडित झाले आणि हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंपादनासाठी त्यांना अमेरिकेस बोलावून घेतले.

१९१८ साली धर्मानंद दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाले तेव्हा त्यांनी थोरली कन्या माणिक आणि ११ वर्षांचे दामोदर यांना सोबत नेले. पुण्यातून निघालेला हा मुलगा बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावी शाळेत जाऊ लागला. पुढे हार्वर्डमध्ये शिकताना त्यांनी ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा भाषा आत्मसात केल्या. प्रख्यात गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना एकाच विषयावर, गणितावर, चित्त एकाग्र करण्याचा सल्ला दिला होता. हा सल्ला त्यांनी तेव्हाही मानला नाही आणि जन्मभर मानला नाही. त्याचे बरे आणि वाईट असे दोन्ही परिणाम पुढे दिसतात. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन ते मायदेशी परतले.

बनारस हिंदू विश्वविद्यालय, त्यानंतर अलिगढचे मुस्लिम विद्यापीठ, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा त्यांच्या अध्यापनाचा प्रवास झाला. अलिगढला त्यांना बोलावले ते आंद्रे वेय या तरुण फ्रेंच गणितज्ञाने. या दोघांच्या मैत्रीतून १९३१ साली एक गंमत घडली. वेय यांच्या सूचनेवरून कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या, कधी अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर एक शोधनिबंध लिहून छापला. काही वर्षांनी फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने हेच नाव घेऊन ग्रंथमाला लिहिली आणि विसाव्या शतकाच्या गणिताला वळण दिले. ते नाव गणिताच्या छापील साहित्यात प्रथम आले ते एका गोमंतकीयाच्या थट्टेतून. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

त्यांच्या इतिहासलेखनाविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एवढे मात्र सांगावयास हवे की त्यांच्या इतिहासाची सुरुवातही मोजण्यातून झाली. तक्षशिलेस सापडलेली प्राचीन चांदीची नाणी त्यांनी संवेदनशील तराजूवर एकेक करून तोलली, हजारोंच्या संख्येने. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते, मग झिजेवरून ते किती काळ चलनात होते याचा हिशेब का मांडता येऊ नये, असा त्यांचा विचार होता. संख्याशास्त्र त्यांच्या हाती असे तराजूच्या काट्यातून आले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली काढली, तीही असंख्य हस्तलिखितांतील पाठ मोजून आणि ताडून. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ साली आला. ते विचाराने मार्क्सवादी होते आणि कोणत्याही धर्मावर त्यांची श्रद्धा नव्हती, हे लपविण्याचे कारण नाही.

१९४५ च्या सुमारास होमी भाभा यांनी त्यांना मुंबईत नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलाविले. कोसंबींनी पुण्याचे घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबईस जावयाचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतावयाचे, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. दररोजचे सहा-सात तास प्रवासात जात. त्यांचे कितीतरी वाचन आणि चिंतन खंडाळ्याच्या घाटात झाले असले पाहिजे.

आता मूळ संख्यांकडे येऊ. येथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण कोसंबींनी काय केले आणि ते कोठे चुकले हे कळण्यासाठी मोजण्याची रीत कळणे आवश्यक आहे.

सर्वांत जुनी रीत म्हणजे एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताची चाळणी. १ ते १०० अंक लिहावेत. १ खोडावा. २ ठेवून त्याच्या पटीतील पुढचे सर्व अंक खोडावेत, मग ३ च्या पटीतील, मग ५ च्या, मग ७ च्या. तेथे थांबावे. १०० पर्यंतची कोणतीही संयुक्त संख्या घेतली तरी तिचा एक तरी मूळ विभाजक १० किंवा त्याहून लहान असतोच, म्हणून पुढे चाळण्याची गरज राहत नाही. चाळणीत जे २५ अंक उरतात ते मूळ.

यादी न करता नुसती संख्या काढण्याचीही एक युक्ती आहे. १०० पर्यंत २ च्या पटीतील संख्या ५०, ३ च्या ३३, ५ च्या २० आणि ७ च्या १४, एकूण ११७. १०० तून ११७ वजा कसे करावयाचे, असा प्रश्न पडेल. पण ६ सारखी संख्या २ च्याही पटीत आहे आणि ३ च्याही, म्हणजे ती दोनदा वजा झाली. म्हणून अशा जोड्यांच्या पटीतील संख्या परत मिळवाव्या लागतात. त्या १६, १०, ७, ६, ४ आणि २, म्हणजे ४५ भरतात. मग ३०, ४२ आणि ७० यांच्या पटीतील संख्या जास्त वेळा मिळविल्या गेल्या, त्या ६ पुन्हा वजा कराव्यात. १०० वजा ११७ अधिक ४५ वजा ६, उत्तर २२. यात १ हा अंक धरला गेला आहे तो काढावा आणि २, ३, ५, ७ हे चार चाळणीत गेले होते ते परत घ्यावेत. पुन्हा २५! खामगाव-चिखलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने हा हिशेब २०० पर्यंत करून पाहावा, तेथे ११ आणि १३ यांच्याही पटी घ्याव्या लागतील आणि उत्तर ४६ आले पाहिजे.

एखाद्या मधल्या पट्ट्यातील मोजणी यावरूनच निघते. ६०० पर्यंत मूळ संख्या १०९ आहेत आणि ५०० पर्यंत ९५. तेव्हा ५०१ ते ६०० या शंभरात १४ मूळ आणि उरलेल्या ८६ संयुक्त.

मर्यादा वाढली की मूळ संख्या विरळ होत जातात. १,००० पर्यंत १६८, १ लाखापर्यंत ९,५९२ आणि १० लाखांपर्यंत ७८,४९८. म्हणजे १० लाखांत ९,२१,५०१ संख्या संयुक्त. विरळ होण्यात एक शिस्त आहे, ती गाउस या जर्मन गणितज्ञाने वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास कोष्टकांवरून ताडली. १,००० च्या आसपास सरासरी दर ७ अंकांमागे एक मूळ संख्या भेटते, १० लाखांच्या आसपास दर १४ अंकांमागे एक. ही सरासरीची गोष्ट नि:संशय सिद्ध व्हायला १८९६ साल उजाडावे लागले. ती सिद्ध करणाऱ्या दोघांपैकी एक, द ला व्हाले पूसँ, बेल्जियममधील लूव्हाँच्या कॅथोलिक विद्यापीठात प्राध्यापक होते.

परंतु सरासरी ही सरासरीच. प्रत्यक्षात मूळ संख्या कशाही विखुरलेल्या दिसतात. १०१ ते ११० या दहांत चार आहेत, १११ ते १२० मध्ये एकच. १९१ ते २०० मध्ये पुन्हा चार आणि लगेच २०१ ते २१० मध्ये एकही नाही. ११३ नंतर थेट १२७, मधल्या सलग १३ संख्या संयुक्त. पावसाच्या सरी पडाव्यात तसे हे आहे. मृगात किती सरी आल्या हे सरासरीने सांगता येईल, पण उद्याचे सांगता येत नाही.

सरासरीपासून प्रत्यक्ष मोजणी किती दूर जाऊ शकते, याची कडक मर्यादा घालणारे एक अनुमान जर्मन गणितज्ञ रीमान यांच्या १८५९ सालच्या आठ पानी निबंधातून निघते. रीमानचे गृहीतक या नावाने ते ओळखले जाते. गणितातील सर्वांत प्रसिद्ध अनिर्णित प्रश्न हाच. २००० साली त्याच्या उत्तरासाठी १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर झाले, ते अद्याप कोणी मिळविलेले नाही.

कोसंबी या प्रश्नाकडे वळले ते १९५० च्या दशकात, वयाची पन्नाशी गाठताना. गणितात या वयात नवे क्षेत्र धरणारे थोडेच असतात. ते आले तेही स्वतःच्या शैलीने, नाणी तोलणाऱ्याच्या दृष्टीने. त्यांचा विचार असा होता. अंकांची रेषा घ्यावी आणि तिचे तुकडे पाडावेत, पण सारख्या लांबीचे नव्हे. पुढे पुढे तुकडा लांब होत जावा, इतका की प्रत्येक तुकड्यात सरासरीने सारख्याच मूळ संख्या अपेक्षित असाव्यात. १,००० जवळचा तुकडा ७ अंकांचा असेल तर १० लाखांजवळचा १४ अंकांचा. मग प्रत्येक तुकड्यात प्रत्यक्ष किती मूळ संख्या पडल्या ते मोजावे. किती तुकडे रिकामे, किती तुकड्यांत एक, कितींत दोन, कितींत तीन.

या मोजणीतून जे चित्र उमटते ते संख्याशास्त्रज्ञांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याला प्वासाँचे वितरण म्हणतात. प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून दरवर्षी किती सैनिक मरतात याचा हिशेब १८९८ साली एकाने मांडला होता, तोही याच नियमाने जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या, क्वचित घडणाऱ्या घटना जेथे असतात तेथे हा नियम दिसतो. सरासरी एक असेल तर १०० तुकड्यांपैकी सुमारे ३७ रिकामे, ३७ मध्ये एक, १८ मध्ये दोन, ६ मध्ये तीन. मूळ संख्या तर यदृच्छेने पडलेल्या नव्हेत. १३ ही मूळ आहे ती कोणाच्या नशिबाने नव्हे. तरीही त्या जणू फासे टाकून पेरल्यासारख्या वागतात, हे कोसंबींना दिसले. त्यांचा यावरील छोटा निबंध १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. जगातील अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकांपैकी ते एक आहे.

येथवर सर्व ठीक होते. संकट आले ते त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या दाव्याने. १९५९ साली भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख छापला. आपल्या संख्याशास्त्रीय पद्धतीतून रीमानचे गृहीतक सिद्ध होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९६४ साली त्याच नियतकालिकात त्यांनी या मार्गाचा पुन्हा पाठपुरावा केला. पिकांच्या प्रयोगांचे आकडे जेथे छापावयाचे तेथे शतकभर न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर यावे, याचेच अनेकांना नवल वाटले. जाणकारांनी तपासले आणि ती सिद्धता मानली नाही.

चूक कोठे होती? आपल्याकडे म्हणतात की शितावरून भाताची परीक्षा. रोजच्या व्यवहारात हे खरे आहे आणि संख्याशास्त्राची अवघी इमारत त्यावर उभी आहे. पोत्यातून मूठभर धान्य काढून व्यापारी भाव ठरवितो. पण मूठ कितीही वेळा भरली तरी पोत्यातला प्रत्येक दाणा पाहिला असे होत नाही. यदृच्छेने निवडलेल्या जवळजवळ सर्व अनुक्रमांविषयी जे खरे, ते या एका, पूर्वीपासून ठरलेल्या, मूळ संख्यांच्या अनुक्रमाविषयीही खरेच असेल, अशी खात्री देता येत नाही. नेमका हाच अपवाद असेल तर? कोसंबींच्या युक्तिवादातील उडी या ठिकाणी होती.

ही भीती पोकळ नव्हे. मोजणीच्या साऱ्या कोष्टकांत गाउसच्या सुधारित सूत्राने काढलेला अंदाज प्रत्यक्ष मूळ संख्यांपेक्षा नेहमी थोडा जास्त येतो. कोट्यवधी, अब्जावधी शिते तपासली, प्रत्येक तसेच निघाले. आणि तरी १९१४ साली इंग्लंडमध्ये लिटलवुड यांनी सिद्ध केले की पुढे कोठेतरी हे उलटते, आणि एकदा नव्हे, अनंत वेळा उलटते. ते प्रथम कोठे घडते हे आजही नेमके ठाऊक नाही. तीनशेहून अधिक अंकी संख्यांच्या प्रदेशात ते घडते एवढे माहीत आहे. तेथवर कोणाचेही कोष्टक पोहोचणार नाही. कोसंबींसारख्या बहुश्रुत माणसाला लिटलवुडचे प्रमेय ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. तरीही ते आपल्या मार्गावर ठाम राहिले. माझ्या मते हा त्यांच्या स्वभावाचा दोष होता. ज्या बुद्धीने त्यांनी नाण्यांकडून इतिहास वदवून घेतला, ती बुद्धी येथेही तसेच यश देईल असा विश्वास त्यांना वाटला. तज्ज्ञांचे आक्षेप ऐकण्याची त्यांची तयारी कमी होती आणि तिखट बोलण्याची सवय जास्त.

यात आणखी एक विचित्र गोष्ट आहे. मूळ संख्यांवरील काही लेख त्यांनी स्वतःच्या नावाने न छापता एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. बूर्बाकीची थट्टा करणारा तरुण अजून जिवंत होता म्हणावे की टीकेपासून दूर राहण्याची ती इच्छा होती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दरम्यान संस्थेतील वातावरण बदलले होते. भाभांशी आरंभी असलेली मैत्री ओसरली होती. देशाच्या ऊर्जेचा भार अणुशक्तीवर टाकण्यापेक्षा सूर्यशक्तीवर टाकावा, उन्हाच्या या देशाला तेच परवडेल, असे कोसंबी उघडपणे मांडीत. अणुशक्तीच्या कार्यक्रमाचे प्रमुखच जेथे संचालक होते तेथे हे मत रुचणे अवघड होते. जागतिक शांतता चळवळीतही ते सक्रिय होते. त्यात रीमानच्या सिद्धतेमुळे गणितज्ञांमध्ये झालेली नामुष्की. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही. सोळा-सतरा वर्षांचा डेक्कन क्वीनचा प्रवास थांबला.

मूळ संख्यांच्या इतिहासात चूक करणारे कोसंबी एकटे नव्हेत. सतराव्या शतकात मारें मेर्सेन नावाचे फ्रेंच धर्मगुरू होऊन गेले. पॅरिसच्या मठातील आपल्या खोलीत बसून ते युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करीत. त्यांनी १६४४ साली एका विशिष्ट प्रकारच्या मूळ संख्यांची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ हे घातांक चुकीचे घातले गेले आणि ६१, ८९ आणि १०७ हे खरे राहून गेले. एकूण पाच चुका! त्या सापडायला अडीचशे-तीनशे वर्षे लागली. आज त्या प्रकारच्या संख्यांना जग मेर्सेन यांच्याच नावाने ओळखते. मात्र मेर्सेन यांनी यादी दिली होती, सिद्धता दिल्याचा दावा केला नव्हता. हा फरक लहान नाही.

नोकरी गेल्यावर कोसंबी खचले असे दिसत नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या ते पायी तुडवीत. सूक्ष्म अश्मास्त्रे गोळा करणे, खेड्यांतील देवीची ठाणी पाहणे, धनगरांच्या वाटा शोधणे हे चालूच होते. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी त्यांना जोडून दिले. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. आणि मूळ संख्यांवर एक पुस्तक ते लिहीत होते.

२९ जून १९६६ रोजी पहाटे, भांडारकर संस्थेजवळच्या आपल्या घरी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. त्याच वर्षी जानेवारीत भाभाही विमान अपघातात गेले होते. मूळ संख्यांवरील पुस्तकाचे हस्तलिखित कोसंबींनी पूर्ण करून मृत्यूच्या थोडे आधी प्रकाशकाकडे रवाना केले होते असे सांगतात. ते पुढे कोणालाच मिळाले नाही. याच विषयात पूर्वीही असे झाले आहे. प्रागमधील कुलिक या प्राध्यापकाने १० कोटींपर्यंतच्या संख्यांचे विभाजक एकट्याने हाताने काढून आठ खंड भरले, १८६३ साली ते वारले, आणि खंडांपैकी दुसरा नाहीसा झाला. पण कुलिकचे कोष्टक पुन्हा करता येते. कोसंबींनी त्या पानांत आपली सिद्धता सुधारली होती की तीच पुन्हा मांडली होती, हे ती पाने वाचल्याखेरीज सांगता येणार नाही.

१९७६ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, गॅलगर या अमेरिकन गणितज्ञाने दाखविले की हार्डी आणि लिटलवुड यांचे मूळ संख्यांच्या समूहांविषयीचे एक अनुमान खरे धरले, तर अशा छोट्या पट्ट्यांतील मूळ संख्यांची मोजणी प्वासाँच्या नियमानेच जाते. म्हणजे कोसंबींनी मोजून जे पाहिले ते योग्यच असावे असे आज गणितज्ञ मानतात. पाहणे आणि सिद्ध करणे यांतील अंतर मात्र अजून कोणीच ओलांडलेले नाही, गॅलगर यांनीही ते अनुमानाच्या पुलावरूनच पार केले.

त्यांचे दुसरे एक सूत्र तर आपल्या शेताच्या बांधापर्यंत आले आहे. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीवर एक निबंध लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे संततीतील गुणांच्या अदलाबदलीवरून काढण्याचे सूत्र त्यात आहे. त्या सूत्राला जगभर कोसंबींचेच नाव आहे. कपाशी आणि सोयाबीनसारख्या पिकांच्या नव्या वाणांसाठी संशोधक जे जनुकीय नकाशे तयार करतात, त्यांत ते सर्रास वापरले जाते. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला ज्या दोन पिकांवर वर्षाचा संसार चालवावा लागतो, तीच ही दोन पिके.

३१ जुलै २००८ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या अखेरीस, भारतीय टपाल खात्याने कोसंबींचे तिकीट काढले. गणित आणि संख्याशास्त्र यांवरील त्यांचे निवडक निबंध भौतिकशास्त्रज्ञ रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केले आणि २०१६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मूळ संख्यांवरील ते पुस्तक त्यात नाही. ते अद्याप सापडलेले नाही.